घर भाड्याने देऊन कायमचं गाडीत राहायचं: कोण कसं राहतं, आपल्याला काय जमेल?

जुळेसोलापूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. येत्या वर्षात आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे होतोय. मुलगी टेक्सासला असते. तिच्या ऑफिसातलं एक जोडपं आरव्हीतच (म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीत) राहतं, घरच नाही त्यांना. त्यांची गाडी बघून आल्यापासून आमच्या ह्यांनी मनावर घेतलंय: फ्लॅट भाड्याने द्यायचा, एक नीट कॅराव्हॅन बांधून घ्यायची आणि तिच्यातच राहायचं. सहलीपुरतं नाही, कायमचं.

मी वाचायला बसले तेव्हा कळलं की पूर्णवेळ गाडीत राहणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत. कुणी सहा महिने एकाच जागी ठाण मांडून बसतं, कुणी दोन आठवड्यांच्या वर कुठे टिकत नाही. कुणी गाडीतून नोकरी करतं, कुणी भाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये झोपतं. इथे कुणी हे जवळून बघितलंय का? आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या कायद्यात यातलं काय बसेल? माझ्या मते कोणती गाडी घ्यायची हे शेवटी बघावं, कसं राहायचं ते आधी ठरवावं. ह्यांचं नेमकं उलट चाललंय, रोज गाड्यांचे व्हिडिओ.

चादरवाला

मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बसून काय करलालाव ओ ताई? इथं स्लॅबखाली जीव नकोसा होतोय.

ॲरिझोनातला बार्शीकर

चादरवाले, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. आमच्या फिनिक्सचा उन्हाळा सोलापूरपेक्षा कडक. म्हणून पूर्णवेळवाले उन्हाळ्यात इथे थांबतच नाहीत. ऊन तापलं की उत्तरेला किंवा डोंगरात जातात, थंडी पडली की परत वाळवंटात येतात.

इथून पश्चिमेला दोनेक तासांवर क्वार्ट्झसाइट नावाचं बारकं गाव आहे. उन्हाळ्यात चिटपाखरू नसतं, जानेवारीत माळभर गाड्याच गाड्या. जमीन सरकारी. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा परवाना काढता येतो. बाकी मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारण १४ दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. जागेवर वीज नाही, नळ नाही. पाणी भरायची आणि घाण टाकी रिकामी करायची सोय एका ठरावीक ठिकाणी, तिथे गाडी न्यायची.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त फिटर आजोबा आणि आजी तिथे असतात. आंघोळीला गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते बादलीत धरतात, तेच संडासात वापरतात. ताटं आधी कागदाने पुसतात आणि मग तांब्याभर पाण्यात विसळतात. दीडशे लिटरची टाकी दोघांना आठवडाभर सहज पुरवतात. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावच्या लोकांना हे मी वेगळं शिकवायला नको.

त्याच रस्त्यावर जरा पुढे गेलं की दुसरं टोक दिसतं. बसएवढ्या डिझेल मोटरहोम, किंमत काही लाख डॉलर. ही मंडळी ५० अँपिअरचं वीज कनेक्शन असलेल्या आरव्ही पार्कातच (गाड्या लावायच्या तळावर) उतरतात, माळावर एक रात्र काढायची म्हटली तरी नको म्हणतात. आजोबाही फुलटायमर, हेही फुलटायमर, पण दिवस कसा जातो हे विचाराल तर दोघांत काही म्हणजे काही सारखं नाही.

आणि तिसरे म्हणजे गाडीत राहून राबणारे. कॅम्पग्राउंडवर देखरेखीचं काम करायचं, बदल्यात जागा आणि वीज फुकट. फिरत्या नर्स असतात, त्यांचे करार बहुतेक १३ आठवड्यांचे, करार संपला की गाडीसकट पुढच्या हॉस्पिटलला. ॲमेझॉनने २००८ ते २०२२ खास अशा लोकांना नाताळच्या गर्दीत गोदामावर घ्यायची योजना चालवली होती. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात ऑक्टोबरला साखरेच्या बीटाचा हंगाम असतो. १२-१२ तासांची पाळी, पगार चांगला, गाडी लावायला जागा मिळते. साठी-सत्तरीची माणसंसुद्धा थंडीत तिथे उभी असतात. त्यातले काही मजेने येतात. बरेचसे पेन्शन पुरत नाही म्हणून येतात.

ऊसपट्टा

बार्शीकर, बीटाचं वाचून थांबलोच. साखरेच्या हंगामासाठी बिऱ्हाड घेऊन येणारी माणसं आम्ही दर दिवाळीच्या मागेपुढे बघतो. बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात, कारखान्याजवळच्या माळावर कोप्या पडतात. वर ताडपत्री, बाजूने पाचट. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. गाडी भरायला पहाटे येणार असली की बाई दोनलाच उठून भाकरी थापते आणि झोपलेलं लेकरू उचलून फडात जाते. शाळेचं नाव गावाकडे आणि पोरगं इकडे.

अमेरिकेतल्या त्या म्हाताऱ्यांना निदान दार लावायला गाडी आहे. फिरत्या जगण्याच्या प्रकारांबद्दल बोलताना हा प्रकार मोजायचा की नाही, ते सांगा.

गड्डायात्रा

ऊसपट्टा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण या धाग्यात ते जुळत नाही असं मला वाटतं. ताईंनी हौसेने घेतलेल्या निर्णयाबद्दल विचारलंय. प्रत्येक हौसेसमोर कुणाचं तरी दुःख ठेवलं तर माणसाने काही करायचंच नाही का? त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, आता फिरतील.

वस्तीवरचा

गड्डायात्रा, कुणी कुणाला अडवत नाही. पण जुळतं कसं ते सांगतो, कारण त्यात ताईंच्या कामाची गोष्ट आहे.

माझे आजोबा सेटलमेंटमधले. सोलापूरकरांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत केली, तिथली माणसं गिरण्यांत कामाला लावली. रोज हजेरी. रात्री कुंपणाबाहेर जायचं नाही, परगावी जायचं तर पास. कायदा रद्द झाला १९५२ साली. ३१ ऑगस्ट आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आजोबा सांगायचे, तार तुटली तेव्हा लोक आनंदाने रडले. आणि त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं रेशनकार्ड, जातीचा दाखला, मतदारयादी, प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न: मूळ गाव कुठलं, राहता कुठे?

फिरणाऱ्या माणसाची खरी अडचण तीच असते, पत्ता. पाणी-विजेचं काहीही जमवता येतं. पोलिसाने रात्री काच वाजवली तर तुमच्याजवळ दाखवायला काय आहे, यावर तुम्ही प्रवासी की संशयित हे ठरतं. ताई, तुमच्याजवळ जुळे सोलापूरचा पत्ता आहे. तो सोडू नका. भाड्याने द्या, पण कागदोपत्री तो पत्ता तुमचाच ठेवा.

ॲरिझोनातला बार्शीकर

वस्तीवरचा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. इथे पूर्णवेळवाल्यांचा सगळ्यात मोठा विषय पत्ताच आहे. साउथ डकोटात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेतली पेटी, एवढ्यावर ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. टेक्सास आणि फ्लोरिडाही लोकप्रिय, कारण तिन्हीकडे राज्याचा प्राप्तिकर नाही. १९७८ पासून एस्केपीज नावाचा क्लब आहे, त्याच्या सभासदांचं टपाल टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी येतं. हजारो माणसांचा कायदेशीर पत्ता तेच गाव. ज्याला हे जमलं त्याला बँक, विमा, बऱ्याचदा मतदानही मिळतं. ज्याला जमलं नाही तो दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्री पडदे ओढून गुपचूप झोपतो. फिरणं तेच, गाडीही कधी कधी तशीच.

वकीलसाहेब

आपल्याकडचं सांगतो. मतदारयादीसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० बघा. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले 'सर्वसाधारण रहिवासी' होत नाही, आणि तात्पुरते बाहेर आहात म्हणून रहिवास जातही नाही. त्यामुळे वर्षातून काही महिने खरोखर घरी राहणं सगळ्यात सोपं. पूर्ण फ्लॅट देण्याऐवजी एक खोली कुलूपबंद ठेवा आणि भाडेकरारात तसं लिहून घ्या. कागदपत्रं, थंडीची पांघरुणं, देव, सगळं त्या खोलीत.

जुळेसोलापूर

वस्तीवरचा, तुमचं लिहिणं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. खोलीची कल्पना पटली दोघांनाही.

आता उन्हाचं सांगा कुणीतरी.

सौरअण्णा

सोलरची कामं करतो, हिशेब मांडतो. गाडीच्या टपावरचा एसी चालू असताना साधारण सव्वा किलोवॉट खातो. आपल्याकडे मेमधली रात्रसुद्धा तापलेली असते. आठ तास झोपायचं तर कॉम्प्रेसर बंद-चालू धरूनही सहा-सात युनिट लागतात. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. टपावर ४०० वॉटचे दोन पॅनल बसवले तर दिवसाला तीन-साडेतीन युनिट मिळतील. म्हणजे पंखे, दिवे, छोटा फ्रिज, लॅपटॉप आरामात चालेल, पण एसीवर रात्र निघणार नाही. एसी हवा असेल तर लॉज किंवा भक्तनिवासाच्या आवारात पैसे भरून १५ अँपिअरचा प्लग घ्यायचा. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, चारही ठिकाणी उतरायची सोय दांडगी, विचारलं तर एखादं आवार मिळतं.

मी असतो तर मुक्काम असे लावले असते: मार्च उलटला की उंचावर, आंबोली, महाबळेश्वर, नाहीतर थेट दक्षिणेतले डोंगर. पावसाळ्यात सोलापूर. लोकांना उलटं वाटेल, पण कोकणात गळणाऱ्या टपाखाली आणि चिखलात रुतलेल्या चाकांवर चार महिने काढण्यापेक्षा आपला कमी पावसाचा पट्टा बरा. शिवाय वकीलसाहेबांनी सांगितलेला रहिवासही होतो. हिवाळ्यात कोकण, गोवा, कर्नाटक किनारा.

चादरवाला

हे लई भारी. पावसाळ्यात सोलापूरला फिरायला येणारे पहिले पाहुणे सोलापूरचेच.

कडकभाकरी

स्वयंपाकाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. इंडक्शनवर लोखंडी तव्यात भाकरी भाजली जाते, पण फुगायला जाळ लागतो. परातीतलं पीठ बंद गाडीत सगळीकडे बसतं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. आम्ही भावाच्या गाडीतून हंपीला गेलो तेव्हा दार उघडून पायरीवर परात ठेवून भाकऱ्या केल्या, ते जमलं. गॅस न्यायचाच तर ५ किलोचा छोटा सिलिंडर, तोही बाहेरून उघडणाऱ्या आणि खाली हवा जायला भोक असलेल्या वेगळ्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. रात्री गाडीत झोपायचंय, एवढं विसरू नका.

आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी सोय आहेच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ना गॅस, ना फ्रिज. परदेशातल्या गाडीवाल्यांना हे माहीत असतं तर निम्मे डबाबंद पदार्थ त्यांनी घेतलेच नसते.

शिकवणी

जरा विषयांतर. मुलं घेऊन असं राहणारी कुटुंबंही तिकडे बरीच आहेत, अमेरिकेत घरी शिकवणं सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. आपल्याकडे ज्यांना करायचंय ते एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी-बारावी देतात. पण मी शिक्षिका म्हणून सांगते, मुलांना मित्र लागतात आणि मित्र एका जागी असतात. ऊसपट्टांनी सांगितलेल्या पोरांची शाळा सुटते ती नाइलाजाने. ज्यांना निवड आहे त्यांनी तरी ती पोराला विचारून करावी. तुमच्यासारख्या मोकळ्या झालेल्या जोडप्याचा प्रश्न सोपा आहे ताई.

हुतात्माएक्सप्रेस

सोपा आहे पण एक बाजू राहिली: तब्येत. पुण्याला जाता-येता मला असे दोघं-तिघं भेटलेत जे अधूनमधून कॅराव्हॅन घेऊन फिरतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, साठीनंतर रात्रीचं चालवायचं नाही आणि दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे. ताई, तुम्ही चालवता का? ह्यांना कोल्हापूरजवळ ताप भरला तर गाडी सोलापुरात आणणार कोण?

तिकडे एस्केपीजवाल्यांनी याचा विचार केलाय. लिव्हिंग्स्टनला त्यांचं केंद्र आहे, ज्यांना वयामुळे गाडी चालवणं सोडावं लागलं ती माणसं आपली आरव्ही तिथे कायमची लावून तिच्यातच राहतात, जेवण आणि देखभाल केंद्र बघतं. आपल्याकडे असं काही नाही. तुमची कुलूपबंद खोली तेच काम करेल.

गाडीवाला अण्णा

अक्कलकोट रोडला बॉडीचं काम करतो. आता गाडीबद्दल बोलू का? ताई म्हणाल्या गाडी शेवटी बघू, म्हणून एवढा वेळ गप्प वाचत होतो.

जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यायची, सीटा काढायच्या, पलंग-ओटा ठोकायचा, असं करून द्या म्हणणारे महिन्याला येतात. मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीत जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत ते अजून पक्कं केलं. माझ्या मावसभावाने दुसरीकडून तशी करून घेतली. पुढे वायरिंग जळालं आणि त्याच्या विमा कंपनीने नोंदणीत बदल नाही म्हणून क्लेम नाकारला. सगळा खर्च अंगावर.

कॅराव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या ठिकाणाहून बांधून घ्या. महाग पडतं, पण कागद स्वच्छ राहतात. लायसन्सची काळजी नको, ७५०० किलोपर्यंत हलक्या मोटारीचं चालतं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटकांसाठी, कायम राहणाऱ्यांसाठी त्यात फारसं काही नाही.

आणि संडास. टाकी उपसायची ठिकाणं अमेरिकेसारखी आपल्याकडे नाहीत. म्हणून खालून पेटी निघणारा कॅसेट संडास घ्या. वीसेक लिटरची पेटी असते, चाकं-हँडल असतं, कुठल्याही साध्या संडासात ओतता येते. दोघांना दर दोन-तीन दिवसांनी हे करावं लागेल. व्हिडिओत हे दाखवत नाहीत. ह्यांना विचारा, हे काम कोण करणार. त्यावर एकमत झालं की गाडी बघायला या.

गड्डायात्रा

अण्णांचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा.

वस्तीवरचा, तुमचं उत्तर वाचल्यावर मी माझं पहिलं म्हणणं जरा वेगळं मांडतो. हौस आणि नाइलाज एका धाग्यात यायला हरकत नाही. पत्त्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही सगळे बॅटरीच मोजत बसलो असतो.

ऊसपट्टा

एक विनंती ताई. गाडी घेऊन हिवाळ्यात आमच्या भागातून जाल तर कोप्यांजवळ नुसते फोटो काढून जाऊ नका. थांबा, बोला. हंगामात पोरांसाठी जिथे साखरशाळा चालतात तिथे पुस्तकं, वह्या लागतातच. बँकेत नोकरी झाली असेल तर बायांना खातं कसं वापरायचं ते सांगा, पैसे मुकादमाच्या हातातून येतात त्यांच्या.

जुळेसोलापूर

बँकेतच होते ऊसपट्टा, नक्की थांबेन. तुमचा तालुका मला निरोपात कळवा.

सगळ्यांचं वाचून आमचं असं ठरतंय. कायमचं, बाराही महिने, हे आत्ता नाही. आधी येत्या हिवाळ्यात भाड्याची कॅराव्हॅन घेऊन किनाऱ्याने जायचं, एका ठिकाणी निदान आठवडा थांबायचं. रोज धावणारा प्रकार आम्हाला नको, आजोबा-आजींसारखा ठाण मांडणारा प्रकार हवा. फ्लॅटची एक खोली आमची राहील. सौरअण्णांचा पावसाळ्यात सोलापूर हा क्रम ह्यांनी वहीत उतरवून घेतलाय. हुतात्माएक्सप्रेस, मी फक्त स्कूटर चालवते, म्हणून पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हिंगचा क्लास लावतेय. कॅसेटची पेटी दोघांनी आलटून पालटून, हे ह्यांनी लेखी दिलंय!

गाडीवाला अण्णा, विकत घ्यायच्या आधी आतून मापं बघायला आलो तर चालेल का?

गाडीवाला अण्णा

या की, रविवारी दुपारपर्यंत असतो. ह्यांची उंची किती? इन्सुलेशन आणि आतलं प्लाय बसलं की ट्रॅव्हलरच्या रुंदीत पावणेसहा फुटांच्या आसपास जागा उरते. पलंग आडवा लावला तर त्याहून उंच माणसाला पाय दुमडून झोपावं लागतं. लांबीत लावला तर पाय सुटतात, पण ओटा दीडेक फुटाने कमी होतो.

जुळेसोलापूर

पाच फूट अकरा. पलंग लांबीतच लावा, भाकरी मी दारात परात ठेवून करेन.